उल्केला शिवण असते का?

माझ्या धाकट्या बहिणीला पाहायला आलेले पाहुणे चहाचा कप तोंडाला लावायच्या आत पळून गेले, आणि त्यात आमच्या घरातल्या कोणाचीही चूक नव्हती. चूक एका परदेशाची होती. कोणत्या, ते अजून कळलेलं नाही.

(थोडी चूक माझीही होती. पण ती सांगायला जरा वेळ लागेल.)

गोष्ट पंच्याऐंशीच्या आसपासची. आमचं गाव पोंभुर्ण्याच्या पलीकडं, जंगलाला टेकून. घरी तीन एकर धान, दोन बैल, एक गाय आणि एक बी.एस्सी. म्हणजे मी. वैनगंगेपलीकडं चामोर्शीच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचो आणि सुटी मिळाली की गावी यायचो. गावातला पहिला बी.एस्सी. मीच. बाबांना त्याचा इतका अभिमान, की दारात माणूस आला तर त्याला पाणी द्यायच्या आधी ते सांगायचे, "माया पोरगा बी.एस्सी. हाय. काही विचारायचं असन तं विचार." आणि लोक विचारायचे! बैलाचं पोट काऊन फुगलं, रेडिओ काऊन खरखरते, मुंग्या एका रांगेतच काऊन चालतात. मी सगळ्यांना उत्तरं द्यायचो. 'माहीत नाही' असंही एक उत्तर असतं, हे मला बी.एस्सी.त कोणी शिकवलंच नव्हतं.

बहीण सुनंदा बारावी झालेली. घरी शिलाई मशीन चालवायची. आजूबाजूच्या तीन गावांतल्या बायकांची झंपरं तिच्याकडं यायची, आणि तिच्या हातची शिवण उसवलेली मी तरी पाहिली नाही. तिला बल्लारपूरचं स्थळ आलं. मुलाचं नाव विलास. पेपर मिलच्या वर्कशॉपात फिटर.

"फिटर?" मी नाक मुरडलं. "म्हणजे आयटीआय! अन् आपल्या घरचा जावई आयटीआय?"

"लग्न तुले करायचं हाय का मले?" मशीनवरची मान वर न करता सुनंदानं विचारलं.

बाबा म्हणाले, "आधी माणूस पाहू. मंग बोलू."

तर रविवारी दुपारी माणूस पाहायला मिळाला. दोन स्कूटरवर चौघं आले. विलास, त्याचे वडील तुळशीरामभाऊ, आणि दोन काके, ज्यांनी त्या दिवशी चिवड्याशिवाय कशासाठीही तोंड उघडलं नाही. तुळशीरामभाऊ धिप्पाड गडी. सफारीच्या गुंड्या पोटाशी झुंज देत होत्या. विलास मात्र किडकिडीत, नखांच्या कडांना ग्रीस, आणि बोलणं जवळजवळ नाहीच. मनात म्हटलं, बरोबर आहे, याला बोलायला आहेच काय! आणि मीच बोलायला लागलो. बाजेवर मांडी घालून तुळशीरामभाऊंना प्रकाशाचा वेग समजावून सांगत होतो. ते हुं हुं करत होते आणि दोन्ही काके चिवड्यातले शेंगदाणे वेचत होते. तेवढ्यात सुनंदा चहाचा ट्रे घेऊन दारात आली.

आणि धडाम!

मागोमाग आणखी एक. धडाम! लिंबावरचे सगळे कावळे एकदम उडाले. स्वच्छ निळं आभाळ, ढगाचा ठिपका नाही.

"खाणीत सुरुंग लावला असन," तुळशीरामभाऊ म्हणाले. (बल्लारपूरच्या माणसाला कुठलाही आवाज खाणीतलाच वाटतो.)

"इथी कुठी खाण हाय?" बाबा म्हणाले.

ते वाक्य हवेत असतानाच वरून शिट्टी ऐकू यायला लागली. कुकरची असते तशी, पण वाढत जाणारी. वाढत, वाढत, आपल्याच डोक्यावर येणारी! मग गोठ्यामागच्या धानाच्या तणसाच्या गंजीवर थप्प झालं आणि वर्षभराचं तणीस कारंज्यासारखं आभाळात उडालं. पायाखालची जमीन हलली. गाय दावं तोडून अंगणातून अशी धावत गेली, की एका काक्याचा चिवडा तिच्या पाठीवर बसून गावाबाहेर गेला.

त्यानंतरची शांतता मला अजून आठवते. तणसाच्या काड्या हळूहळू खाली येत होत्या. आमच्या केसांवर, खांद्यांवर, चहाच्या कपांत. माय दारात तोंडावर हात ठेवून थिजलेली. बाबा होते तिथंच उभे. सुनंदाच्या हातातला ट्रे हललासुद्धा नव्हता. एक थेंब सांडला नाही! विलास तिच्याकडं बघत होता.

मी कुठं होतो ते विचारू नका.

(बाजेखाली.)

"प्रकाश," बाबांचा आवाज आला, "बाहेर ये. पाह्य काय हाय थे."

सगळे दबकत दबकत गोठ्यामागं गेलो. गंजीच्या मधोमध मोठं भगदाड आणि भगदाडाच्या तळाशी काळा, गोल, पाणी भरायच्या मोठ्या गुंडाएवढा गोळा. त्यातून बारीक धूर निघत होता. तणीस पेटेल म्हणून मायनं बादली ओतली. गोळा चर्र करून फुसफुसला. माय दोन पावलं मागं सरली आणि म्हणाली, "जित्ता हाय!"

पाच मिनिटांत निम्मं गाव आमच्या आवारात. दहाव्या मिनिटाला उरलेलं. शेजारचे धोंडूभाऊ नारळ आणि कुंकवाची डबी घेऊनच आले.

"देव आला, भाऊ! साक्षात आभाळातून आला! सरका सारे, नारळ फोडू द्या!"

बाबा गंजीसमोर आडवे आले. हातात काठी, पण आवाज एकदम शांत. "धोंडू, छप्पन साली दीक्षा घेतली तवापासून या आवारात नारळ फुटला नाई. आजही नाई फुटणार."

"अरे पण देव तुया दारात आला ना!"

"देव असता तं सांगून आला असता. माया गाईचं दावं तुटलं, वर्षाचं तणीस गेलं. हे देवाचं काम हाय का?"

गर्दीत कुजबुज वाढली. कोणी म्हणे पूजा झालीच पाहिजे, नाही तर गावावर कोप होईल. कोणी म्हणे त्यांच्या आवारात आहे, त्यांची मर्जी. आवाज चढायला लागले. बाबा एका बाजूला, गाव दुसऱ्या बाजूला, आणि मधे धूर सोडणारा गोळा. एवढ्यात बाबांनी काठी माझ्याकडं वळवली.

"माया पोरगा बी.एस्सी. हाय. थो सांगन हे काय हाय थे. अन् थो सांगन थेच खरं!"

सगळं गाव माझ्याकडं बघायला लागलं. पाहुणे बघायला लागले. बाबा बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत माझ्या शिक्षणासाठी उपसलेली सगळी वर्षं दिसत होती. इथं 'माहीत नाही' म्हणायची सोयच नव्हती.

मी बाजेवर चढलो. घसा खाकरला. शाळेतली शुद्ध भाषा काढली.

"ग्रामस्थहो, घाबरू नका. ही उल्का आहे!"

"कोणाची?" मागून कोणीतरी विचारलं.

"कोणाची नाही! उल्का म्हणजे अवकाशातून येणारा दगड. कोट्यवधी वर्षांपूर्वी सूर्यमाला निर्माण झाली, तेव्हा..." आणि मी सुटलो. धूमकेतू घेतले, ग्रह घेतले, गुरुत्वाकर्षण घेतलं. शेवटी शेवटी तर मला स्वतःलाच माझं पटायला लागलं. धोंडूभाऊंनी नारळ काखेत मारला. बाबांची छाती फुगली.

एक म्हातारा सिरोंच्याकडून इकडं आलेला, तो म्हणाला, "मास्तर, पाच-सहा वर्षांमांगं माणसायनं आभाळात सोडलेलं थे मोठं घर पडणार, पडणार म्हणत होते ना? तिकडं लोकायनं भीतीपोटी बकरे कापून खाल्ले होते. हे तसं तं काही नाई?"

मी हसलो. दिलखुलास हसलो! आजही ते हसू आठवलं की कान गरम होतात.

"आजोबा, पृथ्वीचा बहुतेक भाग पाण्याखाली. उरलेल्यात वाळवंटं, जंगलं, बर्फ. त्यातून माणसानं बनवलेली वस्तू नेमकी आपल्या तणसात पडेल? काय बोलता! ही शंभर टक्के नैसर्गिक वस्तू आहे. अगदी निर्धोक!"

आणि निर्धोक म्हणजे किती निर्धोक, हे दाखवायला मी भगदाडात उतरलो. गोळा आता कोमट झाला होता. त्याच्यावर थाप मारली. लोक आ वासून बघत होते, म्हणून आणखी एक मारली. मग त्याच्या गळ्यात हात घालावा तसा टेकून बसलो. त्याला वरच्या बाजूला बोटभर भोक होतं. "उल्केत कधी कधी गंधक सापडतं," असं जाहीर करून मी त्या भोकाला नाक लावलं आणि छाती भरून श्वास ओढला. (शिक्षकानं प्रयोग स्वतः करून दाखवावा, असं ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं.)

तेवढ्यात सुनंदा पुढं आली. ट्रे अजून हातातच. वाकून बघत म्हणाली, "दादा, उल्केले शिवण असते का?"

"शिवण?"

"हे पाय ना. मधातून गोल शिवण गेली हाय. दोन वाट्या एकावर एक शिवल्यासारखी."

"ती नैसर्गिक रेघ आहे," मी म्हटलं. "दाबामुळं तसं होतं."

आणि त्या दिवसातलं पहिलं वाक्य विलास बोलला.

"शिवण नाई थे. वेल्डिंग हाय."

सुनंदानं मान वर केली. "इतकं बारीक?"

"हव. साध्या कारागिराचं काम नाई. असं वेल्डिंग मी तं अजून पायलं नाई." तो गुडघ्यावर बसला, पण हात लावला नाही. एक तुराटी घेऊन गोळ्यावर हलकेच टक टक केली. आतून पोकळ, लांबवर जाणारा आवाज आला. "आतून पोकळ हाय. अन् हे भोक नाई, नळीची जागा हाय. स्क्रूचे आटे पायलेत का? टाकी हाय ही."

"कायची टाकी?" बाबांनी विचारलं.

"थे मले माहीत नाई, भाऊ," विलास म्हणाला.

हे त्यानं किती सहज म्हटलं! आणि मग उठून उभा राहत तितक्याच सहज म्हणाला, "पण टाकी असन तं आत काहीतरी भरलं असन. दाबही असू शकते. मास्तर, तुम्ही हळूच दूर व्हा. बाकीचेही सारे मांगं सरका. फुटूबिटू शकते."

'फुटू' हा शब्द गावभर पोचायला अर्धा सेकंद लागला असेल. त्या अर्ध्या सेकंदात मी भगदाडातून बाहेर, गोठ्यावरून पलीकडं आणि कुंपणाच्या बाहेर होतो. माझ्या पुढं फक्त गाय होती. वळून पाहिलं तर मागून सगळं गाव येत होतं. धोंडूभाऊंचा नारळ वाटेत कुठंतरी पडून फुटला. कोणाच्या आवारात फुटला, यावर पुढं वर्षभर वाद चालला.

तुळशीरामभाऊंनी विलासचा दंड धरला. "चल! स्कूटरवर बस!"

"बाबा, लोकायले जरा दूर—"

"चाल म्हणतो ना! पोरगी पायली, घर पायलं, बॉम्बही पायला! आता काय राह्यलं?"

दोन स्कूटर धुरळा उडवत गेल्या. एक काका शेवटपर्यंत मुठीत चिवडा धरून होता. विलास मात्र मागच्या सीटवर उलटा वळून बघत होता. गोळ्याकडं बघत होता, असं मला वाटलं. (माझं निरीक्षण त्या दिवशी किती अचूक होतं, ते आपण पाहिलंच आहे.)

रिकाम्या अंगणात सुनंदा ट्रे घेऊन उभी होती. सहा कप, सगळे भरलेले. तिनं एक उचलला, तणसाची काडी बोटानं बाजूला केली आणि स्वतःच पिऊन टाकला.

संध्याकाळच्या आत पोलीस आले. हवालदारांनी कुंपणाबाहेरूनच पंचनामा केला. "सदर वस्तू आभाळातून पडली. सदर वस्तू गोल आहे. सदर वस्तूविषयी शिक्षक यांनी भाषण केले व तिला नाक लावले." खाली माझी सही घेतली. मग म्हणाले, "कोणी आत जायचं नाही," आणि स्वतः समोरच्या आंब्याखाली खाट टाकून बसले. दोन दिवस आम्ही धोंडूभाऊंच्या घरी राहिलो. नारळ फोडू दिला नाही हे विसरून त्यांनीच बाबांना हाताला धरून नेलं होतं. बाबा जेवत होते, पण बोलत नव्हते. मी समोर जेवायला बसलो की ताटाकडं बघायचे. ते मला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नागपूरकडून जीप आली. त्यातून चष्मा लावलेले एक साहेब उतरले, हातमोजे घातले, तोंडाला फडकं बांधलं आणि एकटेच भगदाडाजवळ गेले. बराच वेळ तिथं होते. परत आले तेव्हा बाबांनी विचारलं, "साहेब, काय हाय?"

"रॉकेटची टाकी. उपग्रह वर सोडतात ना, त्या रॉकेटच्या शेवटच्या भागातली. वर जाऊन काम संपलं की तो भाग तिथंच फिरत राहतो. महिने, वर्षं. मग कधीतरी खाली येतो. बहुतेक जळून जातो, पण असली टाकी जळत नाही."

खरं सांगतो, गोळा पडला तेव्हाही मी इतका हादरलो नव्हतो. दगड पडला असता तर पडला असता! आभाळ आहे, दगड पडेल, वीज पडेल. पण कोणीतरी बनवलेली, आटे पाडलेली, वेल्डिंग केलेली वस्तू, काम झाल्यावर वर सोडून दिलेली, आमच्या गाईपासून पंधरा पावलांवर येऊन पडते? सुनंदा त्या ट्रेसकट गंजीपाशी असती तर? मी ओट्यावर बसलो.

"असं आणखी हाय का वर?" बाबांनी विचारलं.

"आहे. बरंच आहे. तुटके भाग, बंद पडलेले उपग्रह, खिळे, पत्रे. एकमेकांवर आपटून त्यांचेही तुकडे होतात. दरवर्षी वाढतंच आहे."

"मंग थे झाडते कोण?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला. "कोणी नाही. तशी सोयच नाही."

"म्हणजे टाकणारे मोठे लोक," बाबा हळू म्हणाले, "अन् पडते कोणाच्या आवारात, थे त्याहिले माहीतही नाई." मग जरा थांबले. "साहेब, माया बापानं जनमभर दुसऱ्याहिचं झाडलं. म्हणून मी पोराले शिकवलं. अन् आता आभाळातूनही कचरा इथीच आला?"

साहेबांचे हातमोजे हातातच राहिले. धोंडूभाऊही खाली बघत होते.

मग साहेबांनी घसा साफ केला आणि सगळ्यांकडं बघून विचारलं, "याला कोणी हात वगैरे लावला नाही ना? या टाक्यांत कधी कधी विषारी इंधन उरलेलं असतं. हुंगलं तरी त्रास होतो."

गावात त्या वेळी दोनेकशे माणसं उभी असतील. सगळ्यांची बोटं एकाच दिशेला गेली.

"किती वेळ होता जवळ?" साहेबांनी विचारलं.

"अर्धा घंटा," धोंडूभाऊ म्हणाले. "गळ्यात हात घालून बसला होता, साहेब."

"नाक लावलं भोकाले," म्हातारा म्हणाला.

"छाती भरून वास घेतला!" हवालदारांनी पंचनामा वर करून दाखवला.

मायनं एकदम हंबरडा फोडला. तो आवाज ऐकला आणि माझ्या घशात जळजळ सुरू झाली. डोळ्यांसमोर अंधारी आली. दोन दिवस मला काहीही झालं नव्हतं, पण आता सगळंच व्हायला लागलं! साहेब म्हणाले, "घाबरू नका, भोक उघडं आहे, इंधन वरच उडून गेलं असणार. पण खात्री केलेली बरी. आधी अंघोळ करा. ते कपडे कुठं आहेत?"

"हेच हायत अंगावर," माय रडत म्हणाली. "घर बंद हाय ना, बदलायले दुसरे कुठून आणावं!"

मग विहिरीवर माझी अंघोळ झाली. भर सकाळी, भर गावासमोर. धोंडूभाऊ आणि हवालदार लांबून बादल्या फेकत होते. बायका पाठमोऱ्या उभ्या होत्या, म्हणजे निदान सुरुवातीला होत्या. माझी नवी टेरिकॉटची पँट आणि शर्ट बांबूनं उचलून खड्ड्यात पुरले. त्यावर लोकांनी मातीही लोटली. कोणीतरी हात जोडले! आणि मी धोंडूभाऊंच्या बायकोचं हिरवं लुगडं गुंडाळून जीपमध्ये चढलो. बरोबर सुनंदा. पुढच्या चांगल्या सीटवर कांबळं अंथरून गोळा बसवलेला. त्याला दोरीनं नीट बांधलेलं, दचके बसू नयेत म्हणून. मी मागं टायरवर.

चंद्रपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं?"

"रॉकेट हुंगलं," सुनंदा म्हणाली.

डॉक्टरांनी आधी माझ्या लुगड्याकडं पाहिलं आणि मग नर्सला सांगितलं, "डोक्यालाही मार लागलाय का, ते बघा."

मला तीन दिवस नजरेखाली ठेवलं. रक्त तपासलं, लघवी तपासली, छातीचा फोटो काढला. पहिला दिवस मी मरणार या खात्रीत काढला. सुनंदाजवळ निरवानिरवही केली. "बाबांना सांग, मी चुकलो. सांग, मला माहीत नव्हतं." ती माझ्या उशाशी बसून होती. म्हणाली, "एवढंच त्या दिवशी बाजेवर म्हटलं असतं तं पँट वाचली असती." पण म्हणताना तिनं तोंड खिडकीकडं फिरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डाच्या दारात विलास उभा. पहिली पाळी संपवून थेट बल्लारपूरहून आलेला, हातात डबा. "मिलमध्ये बातमी आली. मास्तर दवाखान्यात हायत म्हणून समजलं," तो म्हणाला. त्याला मला पाहायची फार घाई नव्हती, हे माझ्या लक्षात यायला लागलं. म्हणून मी डोळे मिटून घेतले.

"त्या दिवशी पळून गेलो," विलास सुनंदाला म्हणाला. "लाज वाटली."

"तुम्ही नाई पळाले. तुम्हाले नेलं."

त्यानं डबा तिच्या हातात दिला.

"ट्रे काऊन नाई पडला तुमच्या हातातून?"

"मशीनवर बसून बसून हात स्थिर झाला हाय," ती म्हणाली. "तुम्ही हात काऊन नाई लावला त्याले?"

"जे माहीत नाई, त्याले हात नाई लावत मी."

माझ्या छातीवरून, अक्षरशः माझ्या छातीवरून, दोघांचं तासभर बोलणं चाललं. वेल्डिंगची रेघ कशी ओढतात, बाहीचा जोड कसा द्यायचा, शिवण कुठं उसवते आणि सांधा कुठं फुटतो. मला खोकला येत होता. मी दाबून धरला. नर्स आली आणि म्हणाली, "पेशंट लाल का झालाय?"

रिपोर्ट चांगले आले. टाकी रिकामीच होती. ती कोणाची, हे विचारायला साहेबांनी म्हणे वरपर्यंत पत्रं पाठवली. ज्यांच्याकडं गेली त्या सगळ्यांनी 'आमची नाही' असं कळवलं. आमच्या वर्षभराच्या तणसाची भरपाई द्यायला कोणी वारस निघाला नाही.

पंधरा दिवसांनी तुळशीरामभाऊ परत आले. या वेळी काके नव्हते. अंगणात आल्या आल्या त्यांनी आधी आभाळाकडं पाहिलं, मग गंजीकडं, मग बाजेवर बसले. चहा आला. तो त्यांनी आधी पिऊन टाकला, तोही एका दमात.

"भाऊ, तुमची पोरगी आम्हाले पसंत हाय," ते बाबांना म्हणाले. "माया पोरगा दुसरं नाव घेत नाई. हुंडाबिंडा काही नोको. लग्न विहारात, साधं. फक्त माई एक अट हाय. ऐकाच लागन."

मायचा हात पदरावर गेला. बाबा ताठ बसले. त्या काळात 'एक अट' म्हटलं की पुढं काय येतं, हे सगळ्यांना माहीत होतं. मी मनातल्या मनात माझा पगार, सायकल आणि घड्याळ हुंड्यात टाकून मोकळा झालो होतो.

तुळशीरामभाऊंनी माझ्याकडं बोट केलं.

"लग्नात मास्तरनं भाषण करायचं नाई."

बाबा पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसले. इतके हसले, की ठसका लागून मायला त्यांची पाठ चोळावी लागली. मग डोळे पुसत म्हणाले, "मंजूर! लेखी देतो!"

आणि खरंच दिलं. कागद मीच लिहिला, कारण घरात अक्षर माझंच चांगलं. लग्नाच्या दिवशी विहारात सगळे माना वळवून माझ्याकडं बघत होते, आणि मी तोंड गच्च मिटून पंगतीत वरण वाढत होतो. एका पाहुण्यानं विचारलं, "मास्तर, वरणात मीठ हाय का?"

मी छातीवर हात ठेवून, आयुष्यात पहिल्यांदा, म्हटलं, "माहीत नाही."

आणि नेमकं तेवढंच मला माहीत होतं. मीठ मीच घातलं होतं, दोनदा.